नकाशातल्या बिंदूमागचे निर्णय

इंग्लंडमधील ग्रिनिच येथील जुन्या वेधशाळेच्या आवारात जमिनीत एक धातूची पट्टी बसवलेली आहे. पूर्व आणि पश्चिम गोलार्ध या रेषेवर विभागले जातात हे शाळेत शिकलेले पर्यटक एक पाय पट्टीच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे ठेवून तेथे छायाचित्र काढून घेतात. त्यांच्यापैकी कोणी त्याच वेळी मोबाईलवर आपले स्थान पाहिले, तर रेखांश शून्य दिसत नाही. तो शून्याच्या पश्चिमेला सुमारे ५.३ सेकंद (येथे सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) दिसतो, आणि खरे शून्य गाठायचे असेल तर पूर्वेकडे सुमारे १०२ मीटर चालत जावे लागते. येथे मोबाईल बिघडलेला नसतो आणि पट्टीही भलत्या जागी बसवलेली नसते. १८५१ पासून खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्या ज्या दुर्बिणीने ही रेषा निश्चित केली, ती दुर्बीण तेथील ओळंब्याच्या दिशेला प्रमाण मानून लावलेली होती. भूगर्भातील वस्तुमान सर्वत्र सारखे पसरलेले नसल्यामुळे ओळंबा किंचित कलतो. उपग्रहांवर आधारलेली मोजणी मात्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रापासून सुरू होते आणि त्या कलण्याशी तिला काही देणेघेणे नसते. दोन्ही शून्ये आपापल्या व्यवस्थेत बरोबर आहेत.

भूगोलाच्या मूलभूत संकल्पना समजावून सांगताना मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. एखाद्या जागेचे अक्षांश-रेखांश हा त्या जागेचा अंगभूत गुण आहे, असे आपण नकळत धरून चालतो. प्रत्यक्षात तो कोणत्या तरी संदर्भव्यवस्थेत केलेला एक उल्लेख असतो, आणि ती व्यवस्था सांगितली नाही तर उल्लेख अपुरा राहतो. भौगोलिक माहिती प्रणालीवर, म्हणजे आपण ज्याला जीआयएस म्हणतो त्यावर काम करताना आणि नव्याने शिकणाऱ्यांबरोबर बसताना माझे हे मत पक्के होत गेले आहे की या क्षेत्रातील बहुतेक अडचणी सॉफ्टवेअरच्या नसतात. पृथ्वीचा कोणता आकार मानला, शून्य कोठे धरले, गोल पृष्ठ सपाट कसे केले आणि किती बारकावा राखला, हे चार निर्णय कोणी तरी आधीच घेतलेले असतात आणि ते वापरणाऱ्याला ठाऊक नसतात. या लेखात मी त्या निर्णयांविषयी लिहीत आहे. कोणते बटण कोठे असते, हे ज्या त्या सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत सापडते.

अक्षांश आणि रेखांश हे कोन आहेत, अंतरे नव्हेत, ही पहिली लक्षात ठेवण्याची गोष्ट. त्यातही दोघांचा स्वभाव वेगळा आहे. अक्षांशाला निसर्गानेच आधार दिला आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तिला अक्ष आहे, अक्ष आहे म्हणून दोन ध्रुव आहेत, आणि ध्रुवांपासून सारख्याच अंतरावर विषुववृत्त आहे. उत्तर गोलार्धात ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची कोनीय उंची मोजली की आपला अक्षांश जवळपास हाती येतो. रेखांशाला असा कोणताही नैसर्गिक आधार नाही. एक रेखावृत्त दुसऱ्यासारखेच असते, त्यामुळे शून्य कोठे धरायचे हे माणसांनाच ठरवावे लागते, आणि ते ठरले १८८४ साली, वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत. पंचवीस देशांपैकी बावीस देशांनी ग्रिनिचच्या बाजूने मत दिले, एकाने विरोध केला, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. शून्य रेखावृत्त मतदानाने ठरले आहे, हे माहीत असलेला माणूस नकाशाकडे अधिक सावधपणे पाहतो, असा माझा अनुभव आहे.

शून्य ठरले तरी रेखांश मोजायचा कसा, हा प्रश्न त्याहून जुना आणि अवघड होता. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि चार मिनिटांना एक अंश. म्हणून आपल्या जागेची स्थानिक वेळ आणि शून्य रेखावृत्तावरची वेळ या दोन्ही एकाच क्षणी कळल्या, तर त्यांतील फरकावरून रेखांश निघतो. अडचण अशी की विषुववृत्ताजवळ घड्याळ चार मिनिटांनी चुकले तर जहाजाचे स्थान १११ किलोमीटरने चुकते. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये या प्रश्नाच्या उत्तरासाठी मोठे बक्षीस जाहीर केले आणि सुतारकामातून घड्याळाच्या कामाकडे वळलेल्या जॉन हॅरिसन यांनी आयुष्यभर खपून असे घड्याळ घडवले, ज्याची १७६१ मध्ये जमैकाच्या सागरी प्रवासात चाचणी झाली. आजची उपग्रहाधारित स्थाननिश्चितीही मुळात वेळ मोजूनच होते. उपग्रहाकडून निघालेला संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढले जाते, आणि आपल्या यंत्रातील साध्या घड्याळाची चूक भरून काढण्यासाठी तीनऐवजी किमान चार उपग्रह लागतात.

कोन आणि अंतर यांतील हा भेद प्रत्यक्ष कामात कसा आडवा येतो ते पाहण्यासारखे आहे. अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कोठेही साधारण १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच, ६० अक्षांशावर सुमारे ५६ किलोमीटर आणि ध्रुवावर शून्य होतो, कारण सर्व रेखावृत्ते तेथे एकत्र येतात. आता कोणी अंशांमध्ये असलेल्या माहितीवर विहिरीभोवती ०.०१ अंशाचा बफर, म्हणजे प्रभावक्षेत्र काढले, तर विषुववृत्ताजवळ ते गोल येईल. पण ६० अक्षांशावर ते उत्तर-दक्षिण सव्वादोन किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम त्याच्या निम्मेच पसरेल. पडद्यावर मात्र दोन्ही ठिकाणी सुबक वर्तुळच दिसू शकते, आणि धोका तेथेच आहे. ‘चौरस अंश’ या एककात काढलेल्या क्षेत्रफळाला तर अर्थच नसतो, कारण ते एकक जागोजागी बदलते. दशांश स्थानांविषयीही येथेच सांगितले पाहिजे. अंशाचे पाचवे दशांश स्थान म्हणजे सुमारे १.१ मीटर, सहावे म्हणजे ११ सेंटिमीटर. साध्या मोबाईलची अचूकता मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरांचीच असते. तरी अनेक तक्त्यांमध्ये चौदा दशांश स्थाने जपून ठेवलेली आढळतात, ज्यांतील शेवटचे स्थान मीटरच्या अब्जाव्या भागाविषयी बोलत असते. लांब संख्या अचूकतेची खात्री देत नाही. ती केवळ गणनयंत्राने छापलेली असते.

आता पृथ्वीच्या आकाराकडे वळतो. इरॅटोस्थिनीस याने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन ठिकाणच्या मध्यान्ह-सावलीची तुलना करून सूर्यकिरणांच्या कलातील फरक वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा असल्याचे काढले आणि त्यावरून पृथ्वीचा परीघ मोजला, ही कथा बहुतेकांना माहीत असते. त्यापुढची कथा कमी सांगितली जाते. फिरणारी पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली असली पाहिजे, असे न्यूटनचे म्हणणे होते. फ्रान्समध्ये झालेल्या काही मोजण्यांवरून ती ध्रुवांकडे लांबट असावी असा उलट निष्कर्ष निघत होता. वादाचा निकाल लावण्यासाठी फ्रेंच अकादमीने एक तुकडी दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळ आणि दुसरी, मोपर्त्युई यांच्या नेतृत्वाखाली, १७३६ मध्ये लॅपलँडला पाठवली. अक्षांशाच्या एका अंशाची जमिनीवरची लांबी उत्तरेकडे जास्त भरली, म्हणजे पृथ्वी ध्रुवांकडे चपटी निघाली, आणि न्यूटनचे म्हणणे खरे ठरले. आज आपण विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५६.७५२ किलोमीटर मानतो. फरक २१ किलोमीटरांचा आहे. पृथ्वीच्या मानाने तो थोडा, पण रस्ता किंवा शेताची हद्द मोजणाऱ्याच्या दृष्टीने तो प्रचंड आहे.

असा थोडा चपटा, गणिताने मांडता येणारा आकार म्हणजे विवृत्ताभ. डेटम ही संकल्पना त्याच्या पुढची आहे, आणि शिकणाऱ्यांची सर्वाधिक ओढाताण येथे होते असे मी पाहिले आहे. विवृत्ताभ केवळ आकार आणि माप सांगतो. तो आकार खऱ्या पृथ्वीवर नेमका कसा बसवायचा, त्याचे केंद्र कोठे आणि त्याची दिशा कोणती, हे डेटम सांगतो. उपग्रह नसलेल्या काळात प्रत्येक देशाच्या सर्वेक्षकांनी आपल्या भूभागाला चांगला जुळेल असा विवृत्ताभ निवडला आणि तो आपल्याच भूभागावर घट्ट बसवला. भारताचे सर्वेक्षण करणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या विवृत्ताभाची मोठी त्रिज्या आजच्या जागतिक विवृत्ताभापेक्षा ८०० मीटरहून अधिक कमी आहे, तरीही ज्या प्रदेशासाठी तो घडवला तेथे त्याने उत्तम काम केले. १९८४ च्या जागतिक भूमापन व्यवस्थेने, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ ने, केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रात ठेवले आणि सर्व जगासाठी एकच चौकट दिली. त्यामुळे जुन्या स्थानिक डेटमवरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे नव्या नकाशावर टाकले की गावे, नद्या, सीमा सगळे काही शंभर-दोनशे मीटर किंवा त्याहूनही अधिक सरकलेले दिसते. असे एकाच दिशेला, सारख्याच प्रमाणात सरकणे हे डेटमच्या गफलतीचे सर्वांत खात्रीचे लक्षण आहे, आणि ते हाताने ओढून जुळवण्याचा मोह कटाक्षाने टाळला पाहिजे, कारण एका कोपऱ्यात जुळवलेली माहिती दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा सुटते.

जमीनही स्थिर नसते, हे आणखी एक अंग. ऑस्ट्रेलियाचे भूपट्ट वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. १९९४ च्या चौकटीवर नोंदवलेले तेथील निर्देशांक २०२० पर्यंत उपग्रहांच्या चौकटीपासून सुमारे १.८ मीटर मागे पडले, आणि म्हणून त्या देशाने नवी चौकट स्वीकारली. शेतातील स्वयंचलित यंत्रांना आणि भूमिगत नळ शोधणाऱ्यांना एवढा फरक चालत नाही.

उंचीचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण तो अगदी वगळणे मला योग्य वाटत नाही. ‘समुद्रसपाटीपासून उंची’ म्हणताना जी सपाटी गृहीत धरलेली असते ती विवृत्ताभाची नसून जिऑइडची असते. वारे, भरती-ओहोटी आणि प्रवाह नसते तर समुद्राचे पाणी केवळ गुरुत्वाकर्षणामुळे जेथे स्थिरावले असते आणि जमिनीखालूनही कल्पनेने पुढे गेले असते, ते पृष्ठ म्हणजे जिऑइड. हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला हे पृष्ठ विवृत्ताभाच्या सुमारे १०० मीटर खाली जाते, तर न्यू गिनीच्या आसपास ते ८० मीटरांहून अधिक वर येते. उपग्रहाधारित यंत्र मुळात विवृत्ताभापासूनची उंची काढते, आणि म्हणून समुद्रकिनाऱ्यावर उभे असतानाही ते कधी कधी उणे संख्या दाखवते. देशोदेशींची उंचीची शून्येही एक नाहीत. ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग येथे जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांना जोडणारा पूल बांधला जात असताना, २००३ मध्ये, हा फरक सर्वांसमोर आला. जर्मन उंची ॲमस्टरडॅमच्या समुद्रपातळीशी आणि स्विस उंची भूमध्य समुद्राशी निगडित आहे. त्यांत २७ सेंटिमीटरचा फरक आहे हे अभियंत्यांना ठाऊक होते आणि त्यांनी तो हिशेबातही धरला होता. पण दुरुस्तीचे चिन्ह उलटे पडले आणि दोन्ही बाजूंमध्ये ५४ सेंटिमीटरची तफावत झाली. संदर्भ माहीत असणे पुरत नाही, तो कोणत्या दिशेने लावायचा हेही लिहून ठेवावे लागते, हे या घटनेइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

गोल पृष्ठ सपाट कागदावर आणण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात, आणि कोणतेही प्रक्षेपण निर्दोष असू शकत नाही. ही हतबलता तंत्राची नाही, गणिताची आहे. कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२० च्या दशकात, स्वतः भूमापनाचे काम करत असतानाच, असे सिद्ध केले की पृष्ठाची आंतरिक वक्रता अंतरे न बिघडवता बदलता येत नाही. गोलाची वक्रता शून्य नाही, कागदाची शून्य आहे, म्हणून सर्व अंतरे खरी ठेवणारा सपाट नकाशा कधीच निघणार नाही. उरतो तो निवडीचा प्रश्न. कोन आणि लहान भागांचे आकार राखायचे, की क्षेत्रफळ राखायचे, की एखाद्या ठरावीक बिंदूपासूनची अंतरे राखायची? आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही एकाच वेळी सर्वत्र राखता येत नाहीत.

गेरार्डुस मर्केटर यांनी १५६९ मध्ये काढलेला नकाशा हा अशा निवडीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे. होकायंत्रावर एकच दिशा धरून जहाज जात राहिले तर तो मार्ग नकाशावर सरळ रेषा दिसावा, एवढा एकच हेतू त्यामागे होता आणि तो पूर्ण साधला. त्याची किंमत क्षेत्रफळाने चुकवली. ६० अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसते. त्यामुळे सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटरचे ग्रीनलंड आणि सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटरचा आफ्रिका खंड एकमेकांच्या बरोबरीचे वाटू लागतात, जरी आफ्रिका चौदा पट मोठी आहे. या नकाशावर अनेकदा पक्षपाताचा आरोप होतो. माझ्या मते दोष प्रक्षेपणाचा नाही. खलाशांसाठी घडवलेले साधन वर्गाच्या भिंतीवर जगाचे चित्र म्हणून टांगणाऱ्यांनी त्याचा हेतू सांगितला नाही, हा दोष आहे. लोकसंख्येची घनता, जंगलक्षेत्र, पीकक्षेत्र दाखवायचे असेल तर समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ राखणारे प्रक्षेपणच घेतले पाहिजे, आणि त्यांची वाण नाही. योहान लँबर्ट यांनी १७७२ मध्येच अशी प्रक्षेपणे मांडली होती आणि २०१८ मध्ये जगाच्या नकाशांसाठी ‘इक्वल अर्थ’ हे देखणे समक्षेत्र प्रक्षेपणही प्रसिद्ध झाले.

इंटरनेटवरील बहुतेक नकाशे मात्र मर्केटरच्याच एका सुलभ रूपावर चालतात. चौकोनी तुकड्यांत विभागलेला नकाशा कोठेही मोठा केला तरी रस्त्यांचे कोन काटकोन राहतात, ही त्याची सोय खरोखर मोठी आहे. जग नेमके चौरसात बसावे म्हणून हा नकाशा उत्तरेला आणि दक्षिणेला सुमारे ८५.०५ अक्षांशावर कापलेला असतो. त्याचे एकक मीटर असते, आणि तेथे नवशिका फसतो. हे मीटर फक्त विषुववृत्तावर खरे असतात. ६० अक्षांशावर या नकाशातून मोजलेला एक किलोमीटरचा रस्ता जमिनीवर अर्धा किलोमीटरच असतो. मोजणीसाठी प्रदेशाला साजेसे प्रक्षेपण लागते. बहुतेक ठिकाणी यूटीएम (युनिव्हर्सल ट्रान्सव्हर्स मर्केटर) व्यवस्था चांगले काम देते. तिच्यात पृथ्वीचे प्रत्येकी ६ अंशांचे ६० पट्टे केलेले आहेत, प्रत्येक पट्ट्याच्या मध्य रेखावृत्ताला पूर्वेकडील ५,००,००० मीटर हा आकडा दिला आहे म्हणजे उणे संख्या येत नाहीत, आणि मध्यावर प्रमाण ०.९९९६ ठेवले आहे म्हणजे विकृती पूर्ण पट्ट्यात थोडी थोडी वाटली जाते. तरीही पट्ट्याचा क्रमांक लिहायला विसरले तर सगळे वाया जाते, कारण पूर्व ५,००,००० आणि उत्तर २०,००,००० हा निर्देशांक साठही पट्ट्यांत सापडतो.

येथे एका भेदाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यावर जीआयएसचे अर्धे काम उभे आहे. माहितीला संदर्भप्रणालीचे नाव देणे आणि माहितीचे एका प्रणालीतून दुसरीत रूपांतर करणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नाव देताना संख्या बदलत नाहीत. त्या कोणत्या प्रणालीतील आहेत एवढेच सॉफ्टवेअरला कळते. रूपांतर करताना संख्या नव्याने मोजल्या जातात आणि जमिनीवरची जागा तीच राहते. थर, म्हणजे एकमेकांवर ठेवलेले माहितीचे नकाशे, जुळत नाहीत असे दिसल्यावर रूपांतर करायच्या ऐवजी नुसते नाव बदलले, की अंशांतील संख्या मीटर समजल्या जातात. मग उणे १८० ते अधिक १८० पर्यंत पसरलेले सारे जग ३६० मीटर लांब आणि १८० मीटर रुंद होऊन आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जेथे मिळतात तेथे जाऊन बसते. माहिती दिसेनाशी झाली की मी प्रथम तेथेच शोधतो. रिकाम्या रकान्यांना शून्य समजले गेले असेल तर तेही बिंदू तेथेच जमतात. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल हे दुसरे नेहमीचे कारण असते. ईपीएसजी ४३२६ या, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ वरील अक्षांश-रेखांशांच्या प्रणालीच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी येतो, तर जिओजेसन या फाईल-प्रकाराच्या २०१६ च्या प्रमाणकात रेखांश आधी लिहायचा असतो, आणि दोन्ही एकाच प्रकल्पात शेजारी शेजारी वापरले जातात.

नकाशाप्रमाण हा अपूर्णांक आहे हे ध्यानात ठेवले की लघुप्रमाण आणि बृहत्प्रमाण यांतील गोंधळ आपोआप मिटतो. १:१०,००० हा १:१०,००,००० पेक्षा मोठा अपूर्णांक आहे, म्हणून तो बृहत्प्रमाण नकाशा. १:५०,००० प्रमाणावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद होते. त्या नकाशावरून संगणकात उतरवलेला रस्ता पडद्यावर हवा तेवढा मोठा करता येतो, पण त्याची अचूकता त्या २५ मीटरांच्या आसपासच राहते. शिवाय नकाशा काढणाऱ्याने वळणे सरळ केलेली असतात, लहान ओढे गाळलेले असतात, रस्ता आणि लोहमार्ग एकमेकांवर येऊ नयेत म्हणून त्यांना थोडे बाजूला सरकवलेले असते. हे सामान्यीकरण आवश्यक असते आणि ते कौशल्याचे काम आहे. वेगळ्या प्रमाणांवरून आलेले दोन थर एकमेकांवर ठेवून त्यांच्या कडांमधील फटींना अर्थ देणे मात्र चुकीचे आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांना स्पेन-पोर्तुगाल सीमेची लांबी एका देशाच्या नोंदीत ९८७ आणि दुसऱ्या देशाच्या नोंदीत १,२१४ किलोमीटर अशी आढळली होती, कारण मोजण्याची पट्टी जितकी लहान, तितकी वळणे अधिक मोजली जातात. समुद्रकिनाऱ्याची लांबी सांगताना म्हणूनच ती कोणत्या प्रमाणाच्या नकाशावरून मोजली हे सांगावे लागते.

जीआयएसचा आरंभ साधारणपणे १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी उभ्या केलेल्या प्रणालीपासून मानतात. अफाट भूमीचा शेती, वन, वन्यजीव, मनोरंजन अशा अंगांनी आढावा घ्यायचा होता, आणि इतके नकाशे हाताने एकमेकांवर ठेवून क्षेत्रफळे काढणे माणसांच्या आवाक्याबाहेर होते. नकाशातील आकृती आणि तिच्याविषयीची नोंद यांची कायमची गाठ बांधणे हा या प्रणालीचा गाभा आहे. आकृती दोन प्रकारे साठवता येते. बिंदू, रेषा आणि बहुभुज यांच्या रूपाने साठवली तर ती व्हेक्टर. विहीर, रस्ता, शेताची हद्द यांना ती योग्य. समान आकाराच्या चौकटींच्या जाळीत साठवली तर रास्टर. उंची, तापमान, उपग्रहचित्र यांना ती योग्य, कारण या गोष्टींना स्वतःची कड नसते. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रातील ३० मीटरची चौकट म्हणजे ९०० चौरस मीटर जमिनीची एकच सरासरी नोंद. त्यात अर्धे शेत आणि अर्धे तळे असेल तर ती नोंद दोन्हींपैकी कशाचीही नसते.

संगणकाच्या शंभर वर्षे आधी या विचारपद्धतीचे सामर्थ्य डॉ. जॉन स्नो यांनी दाखवले. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली तेव्हा त्यांनी प्रत्येक मृत्यू त्या त्या घरासमोर आडवी रेघ काढून नोंदवला आणि ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाभोवती रेघांची दाटी दिसली. ही कथा येथपर्यंतच सांगितली जाते, पण माझ्या दृष्टीने तिचा मोलाचा भाग पुढे आहे. त्यांनी दाटीइतकेच लक्ष अपवादांकडे दिले. पंपाजवळच्या निराधारगृहात ५३५ माणसे राहत होती, तरी तेथे पाचच मृत्यू झाले. त्यांची स्वतःची विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यातील कामगार वाचले; त्यांना बिअर मिळत असे आणि ते त्या पंपाकडे जात नसत. उलट दूरच्या हॅम्पस्टेडमध्ये एक स्त्री दगावली, तिला ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडत असल्याने ते मुद्दाम आणवले जात असे. नंतरच्या नकाशावर त्यांनी अशी रेषाही काढली, जिच्या आत राहणाऱ्यांना चालत जाण्याच्या हिशेबाने ब्रॉड स्ट्रीटचा पंप इतर पंपांपेक्षा जवळ पडे; आज याला आपण मार्गजालावरील समीपता-विश्लेषण म्हणू. ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतः प्रामाणिकपणे नमूद केले आहे. पाण्यातून रोग पसरतो हे अनुमान त्यांच्या मनात आधीपासून होते. नकाशाने ते तपासायला जागा दिली.

त्यांनी मृत्यू घराघराच्या जागी नोंदवले, वॉर्डनिहाय बेरीज करून रंग भरले नाहीत, हेही महत्त्वाचे आहे. आज सर्वाधिक काढला जाणारा प्रकार म्हणजे क्षेत्रघनी नकाशा, ज्यात प्रत्येक विभाग एका छटेने भरला जातो. त्यात एकूण संख्या भरणे ही उघड चूक आहे, कारण मोठा किंवा दाट वस्तीचा विभाग नेहमीच गडद येणार. तेथे दर किंवा घनताच हवी. वर्गांतरे कशी पाडली यावरही चित्र बदलते. समान अंतराचे वर्ग घेतले तर बहुतेक विभाग एकाच छटेत जाऊ शकतात, आणि समान संख्येचे वर्ग घेतले तर जवळपास सारख्या विभागांमध्येही ठळक भेद दिसू लागतो.

त्याहून खोल प्रश्न विभागांच्या सीमांचा आहे. स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ९९ कौंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांची, माहिती घेऊन वृद्धांचे प्रमाण आणि एका पक्षाला पडलेली मते यांचा सहसंबंध तपासला. कौंट्या निरनिराळ्या प्रकारे एकत्र करून मोठे विभाग पाडले, तेव्हा त्याच माहितीतून जवळपास पूर्ण धन ते जवळपास पूर्ण ऋण असा कोणताही सहसंबंध काढता आला. सीमा सरकार, इतिहास किंवा टपालखाते यांनी आपल्या सोयीसाठी आखलेल्या असतात. रोग, पाऊस किंवा गरिबी त्यांच्यापाशी थांबत नाही. म्हणून विभागनिहाय माहितीवर काही म्हणण्याआधी मी तोच नकाशा निदान दोन वेगळ्या विभागण्यांवर काढून पाहतो आणि दोन्हीकडे टिकून राहणारा आकृतिबंधच मजकुरात घेतो. सोबत विभागांच्या सीमा कोणत्या वर्षाच्या आहेत, माहिती कोणत्या वर्षाची आहे आणि क्षेत्रफळ कोणत्या प्रक्षेपणात मोजले, या तीन गोष्टी सूचीखाली लिहितो. दोन जनगणनांच्या दरम्यान एखाद्या विभागाचे दोन भाग झालेले असतील, तर या नोंदीवाचून वाचणाऱ्याला त्या जागी लोकसंख्या अचानक निम्मी झाल्याचे दिसते.